फुलीच्या घरातली विमानं

शालनआक्कानं आपली चारही बॉम्बर विमानं एकदम माझ्या शहरावर आणून ठेवली आणि चव्हाणसाहेब पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यावरून उठून उभे राहिले.

"आता मार बघू," शालनआक्का मला म्हणाली आणि हसली.

माझी तोफ त्याच शहरात होती. फासा माझ्या हातात होता. तरी मी मारलं नाही. साहेबांचा चेहरा लाल झाला.

हे चाललं होतं आमच्या खासबागेतल्या बॉक्सच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड. मिठाईवाल्यांचे कुंद्याचे बॉक्स, खडेबाजारातल्या दुकानांचे साडीचे बॉक्स, असली कामं आम्ही करतो. माझं काम पंचिंगनंतरचं. पंचिंग म्हणजे पोलादी पाती बसवलेली फळी पुठ्ठ्यावर दाबायची, की हव्या त्या आकाराचे तुकडे पडतात. ते पूर्ण सुटत नाहीत, बारीक जोड राहतो. अंगठ्यानं दाबून ते सोडवायचे आणि कडा साफ करायच्या. दिवाळीपर्यंत हाताला उसंत नसते. नंतर काम आटतं आणि अण्णा आम्हाला घरी बसवतात. पायगोंडा अण्णा आमचे मालक, निपाणीकडचे. माणूस चांगला आहे, पण काम नसेल तर तोही काय करणार?

यंदा काम आटलं आणि त्याच वेळी चव्हाणसाहेब आले. साहेब लष्करातून रिटायर झालेले. विमानं पाडणाऱ्या तोफखान्यात त्यांची सगळी नोकरी गेली, पण शत्रूचं विमान कधी समोर आलंच नाही. सरावाला दुसऱ्या विमानाच्या मागं बांधलेली कापडी नळी यायची, तिच्यावर तोफ डागायची, एवढंच. घरी बसल्यावर त्यांनी हवाई हल्ल्याचा एक बैठा खेळ तयार केला होता. मोठा नकाशा, पुठ्ठ्याच्या सोंगट्या, फासा आणि नियमांची पुस्तिका. आम्ही त्याचं सॅम्पल आधीच करून दिलं होतं. सॅम्पल साहेबांना पसंत पडलं, ऑर्डर मात्र देईनात.

"माझे दोन मित्र खेळायला बसले," ते अण्णांना म्हणाले. "पानापानाला मला प्रश्न विचारायला लागले. शेवटी उठून चहाला गेले ते आलेच नाहीत. ज्यांनी हा खेळ कधी खेळला नाही, त्यांनी नुसती पुस्तिका वाचून, मला काहीही न विचारता एक हल्ला पूर्ण खेळून दाखवला, तर छापतो. नाहीतर पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी म्हणजे आम्ही घरी. अण्णांनी शेडभर नजर फिरवली.

"आमच्या बायका खेळतील की," ते म्हणाले.

"अण्णा, न्हाय हो," मी म्हणाले, पण ते मला सोडून कुणाला ऐकू गेलं नसावं.

पुस्तिका मराठीत होती. आमच्याकडच्या तरण्या पोरी कानडी शाळेत शिकलेल्या. माझ्यासमोर खेळायला बसलेली शालनआक्का शाळेत गेलीच नाही. मी मराठी शाळेत चौथीपर्यंत गेले, म्हणून वाचायला मी. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझा आवाज खाली जातो. सुरुवातीला मी इतकं हळू वाचत होते की शालनआक्का म्हणाली, "सुमन, विमानाला ऐकू जायला न्हाय पायजे, पर मला तरी जाऊ दे गं."

खेळ असा होता. नकाशावर मधाच्या पोळ्यासारखी सहाकोनी घरं. हल्ला करणाऱ्याची विमानं आपल्या तळावरून उडतात, बॉम्ब टाकतात आणि पेट्रोल संपायच्या आत तळावर परत जातात. बचाव करणाऱ्याला शहर, पूल, कारखाना, विमानतळ सगळंच सांभाळायचं असतं आणि तोफा असतात तीनच. म्हणजे कुठं ठेवायच्या यातच अर्धा खेळ. तोफेचा पल्ला दोन घरांचा. पल्ल्यात विमान आलं की बॉम्ब पडायच्या आधी तोफेनं फासा टाकायचा. विमान उंचावरून गेलं तर सहा पडल्याशिवाय लागत नाही, पण त्याचाही बॉम्ब बहुतेक वेळा चुकतो. विमान खालून आलं तर त्याचा बॉम्ब बरोबर पडतो, पण तोफेलाही चार, पाच, सहा काहीही चालतं. धोका घ्यायचा की नेम सोडायचा, हे विमानवाल्यानं ठरवायचं.

तोफा ठेवता येतील अशी घरं साहेबांनी नकाशावर फुली काढून दाखवली होती. लष्करातल्या माणसाला फुली म्हणजे तोफेचा नेम. तिथं जाल तर मराल. एवढं कुणालाही कळेल असं वाटून त्यांनी ते पुस्तिकेत लिहिलं नव्हतं.

आम्ही मात्र जेवणाच्या सुट्टीत शेडच्या फरशीवर खडूनं आखून रोज चौकाबारा खेळतो. चिंचोके उडवायचे आणि सोंगट्या चालवायच्या. त्यात फुलीचं घर म्हणजे सुरक्षित घर. तिथं दोघींच्या सोंगट्या शेजारी शेजारी बसतात आणि कुणी कुणाला मारत नाही. हा कायदा आमच्या आयांनी आम्हाला शिकवला, त्यांना त्यांच्या आयांनी.

म्हणून शालनआक्का चारही विमानं खालून घेऊन आली आणि सरळ शहरातल्या फुलीत बसली. आणि म्हणूनच मी मारलं नाही.

"बॉम्ब टाकते," शालनआक्का म्हणाली.

"घरात बसून?" मी हळूच म्हणाले.

"मग? सोंगटी मारायची न्हाय घरात. कारखाना काय सोंगटी हाय व्हय?"

त्याच शहरातला कारखाना गेला. पुढच्या डावाला पेट्रोलच्या टाक्या गेल्या. तिसऱ्या डावाला पूल. माझी तोफ त्या विमानांना खेटून शेजाऱ्यासारखी बसली होती.

साहेबांना राहवेना. "अहो, तोफ आहे ना तिथं! तोफ कशाला असते?"

"साहेब, तुम्ही बोलायचं न्हाय ठरलंय," अण्णा म्हणाले. त्यांनी साहेबांना चहा दिला. साहेबांनी तो बशीत ओतला आणि तसाच ठेवला.

अण्णांना आमचा चौकाबारा माहीत होता. काय चाललंय ते त्यांना कळलं असणार. पण सांगायचं तर खेळ मोडणार, न सांगायचं तर शहर जळणार. ते नुसते टोपी काढून घालत होते.

मग शालनआक्काचं पेट्रोल संपत आलं. परत जाणं भाग होतं. विमानं फुलीतून बाहेर पडून शेजारच्या घरात आली, अजून खालूनच, आणि माझ्या अंगात काय आलं कोण जाणे. मी फासा टाकला. पाच. एक विमान पडलं.

साहेबांच्या मनात तोफेला एका डावात एकच फासा होता, पुस्तिकेत तसं लिहिलेलं मात्र नव्हतं. आणि चौकाबाऱ्यात सोंगटी मारली की जास्तीचा डाव मिळतो. मी हात मागं घेत होते, तर शालनआक्कानंच फासा माझ्याकडं ढकलला.

"मारलंयस न्हवं? टाक की परत! मी काय रडीचा डाव खेळते व्हय?"

मी टाकला. चार. दुसरं पडलं. परत टाकला. सहा. तिसरं. पोरी काम सोडून भोवती जमल्या. चौथ्याला फासा नकाशावरून घरंगळत खाली गेला, आणि सगळ्यांच्या आधी साहेब गुडघे टेकून टेबलाखाली शिरले.

"पाच!" टेबलाखालून आवाज आला. "पाच आहे! चारही पडली!"

बाहेर आले ते टाळ्या वाजवत. पँटच्या गुडघ्यांना बॉक्स चिकटवायच्या खळीचे डाग लागले होते. थोड्या वेळानं टाळ्या थांबल्या. ते परत गठ्ठ्यावर बसले आणि पुस्तिका चाळायला लागले.

"दुसरा फासा कुठं लिहिलाय?" त्यांनी मला विचारलं.

"लिवलेलं न्हाय साहेब."

"मग टाकला कसा?"

"टाकायचा न्हाय, असंबी लिवलेलं न्हाय."

"आणि तीन डाव ती विमानं डोक्यावर बसली होती, तेव्हा का नाही मारलं?"

"घरात हुती की ती," शालनआक्का म्हणाली. साहेबांना घर कुठलं ते कळेना. मग एका पोरीनं फरशीवरचा दुपारचा पट दाखवला. खडूच्या फुल्या अजून होत्या. साहेब वाकून त्या बघत राहिले. मग नकाशावरच्या फुल्या बघितल्या.

"म्हणजे तुम्ही माझा खेळ खेळलाच नाहीत."

मला वाटलं, गेली ऑर्डर. उद्यापासून घरी. आणि वाचणारी मी, म्हणजे चूक माझीच.

तेवढ्यात अण्णा पुढं झाले. "साहेब, एक विचारू? अट काय हुती तुमची?"

"काहीही न विचारता एक हल्ला पूर्ण खेळायचा."

"हल्ला पूर्ण झाला?"

"झाला."

"ह्यांनी तुम्हाला कायतरी विचारलं?"

साहेब इतके हसले की डोळे पुसायला त्यांना रुमाल काढावा लागला. "पायगोंडा," ते म्हणाले, "तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं."

ऑर्डर मिळाली. नकाशावरच्या फुल्या काढून तिथं तोफेचं चित्र आलं. "एका तोफेला एका डावात एकच फासा, विमान पडले तरी," हे वाक्य पुस्तिकेत ठळक छापलं गेलं. संक्रांतीपर्यंत आम्ही विमानं सोडवत होतो. माझ्या अंगठ्याचं कातडं निघालं, पण घरी कुणी बसलं नाही.

नवीन काम आलं की अण्णा पूर्वी सगळं सांगून झाल्यावर "समजलं न्हवं?" असं विचारायचे. आम्ही माना डोलवायचो आणि ते निघून जायचे. आता ते तिथंच उभे राहतात आणि म्हणतात, "एक करून दावा." कुणी काही विचारत नाही म्हणजे सगळ्यांना समजलंच असं नसतं. निदान मी विचारत नाही तेव्हा तरी नसतं.