माइकची पाठ

पंधरा दिवस मी माइकच्या पाठीत गात होतो.

माइक स्वस्तातला, मोबाइलला जोडायचा, वर काळ्या स्पंजची टोपी. सोबतचा कागद मी वाचला नाही. खोकं तेवढं कामाला आलं. माइक त्यावर उभा केला की बरोबर तोंडाशी यायचा. आवाज घुमू नये म्हणून खोलीत दोऱ्या बांधून चार चादरी सोडल्या आणि मध्ये बसलो. चादरी शेजाऱ्याच्याच मागावर विणलेल्या. बायको म्हणाली, "उन्हाळ्यात लोक चादरी धुऊन ठेवतात. तुम्ही बसा आत, उकडून निघा."

खटाटोप होता दुधनीच्या भाचीच्या लग्नासाठी. मंगलाष्टकं मामानं म्हणायची, असा आमच्या घरचा रिवाज. पण आधीच्या भाचीच्या वेळी, वैरागला, मी 'सावधान'वर असा आलाप घेतला की लोकांच्या मुठीतल्या अक्षता संपल्या तरी माझा श्वास संपेना. म्हणून थोरल्या बहिणीनं, अक्कानं, या वेळी अट घातली. "आदी रेकॉर्ड करून पाठव. बरं वाटलं तर तू म्हण, न्हायतर बँडवाला म्हणंल." मामा जिवंत असताना बँडवाला! माझी झोप उडाली.

पहिलं रेकॉर्डिंग ऐकलं, तर त्यात मी विहिरीच्या तळाशी होतो आणि काठावर शेजारचा माग. खटाखट, खटाखट. शेजारच्या शेडमध्ये दोन माग आहेत. इतकी वर्षं चालतात की मला ते ऐकूही येत नाहीत. मग रेकॉर्डिंगमध्येच एवढे कसे येतात? मी तोंड उघडलं की हा गडी मुद्दाम जोर लावत असणार. कारणही सापडलं. गणपतीत त्याची आरती मध्येच थांबवून मी चाल दुरुस्त केली होती. तेव्हा तो नुसता हसला होता. हसून सोडणारी माणसं विसरत नाहीत.

मी पाळत सुरू केली. दाराबाहेरच्या चपला आत लपवल्या, स्कूटर गल्लीच्या टोकाला लावून आलो आणि पुटपुटत सुरुवात केली. खटाखट! खिडकीतून डोकावलो तर त्यानं मान वर करून हात हलवला. म्हणजे लक्ष होतंच. एकदा भर दुपारी वीज गेली, माग थांबले. मी चादरीत उडी मारली. दुसऱ्या अष्टकाला वीज आली. त्याचा मेहुणा वीज कार्यालयात आहे, हे मला तेव्हाच आठवलं.

पुरावा म्हणून मी ते रेकॉर्डिंग अक्काला पाठवलं, खाली लिहिलं, 'शेजाऱ्याची दुश्मनी ऐक.' आणि मोबाइल घेऊन शेडमध्ये गेलो.

त्यानं माग बंद केला, डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाला, "ह्यो माझा दोन नंबरचा माग. काय साफ आलाय ओ सर! पण तुमी कुटं हाय यात?"

"तेच विचारायला आलोय," मी म्हणालो.

तो माझ्याबरोबर घरी आला. चादरी बाजूला सारून वाकला, स्पंजची टोपी काढली, मग माइकखालचं खोकं उचलून मला दाखवलं. त्यावर चित्र होतं: गाणारं तोंड कुठल्या बाजूला, बाणासकट. "पुडची बाजू खिडकीकडं केलीय की सर. माझ्या मागाकडं. तुमी पाठीत गाताय."

मी माइक फिरवला. "आदी बोलायचं न्हाय व्हय?" म्हणत तो गेला आणि त्यानं आपण होऊन दोन्ही माग अर्धा तास बंद ठेवले. एवढा चांगुलपणा कशापायी, हा संशय मला गातानाही छळत होता. पण रेकॉर्डिंग स्वच्छ आलं. फक्त मी. मी ते अक्काला पाठवलं.

निळ्या खुणा लगेच आल्या, उत्तर येईना. भावोजींनी पुसून टाकलं की काय? संध्याकाळी अक्काचाच फोन आला.

"बँडवाल्याला सांगितलंय," ती म्हणाली. "तू पोरीला मांडवात घिऊन ये, तेवढं बास."

"अगं, पण आता आवाज स्वच्छ आलाय की!"

"म्हणूनच की रं. पयलं बरं हुतं. त्यात माग तरी तालात हुता."