उघड्या गळ्याची दानम्मा

सावित्रम्माला सोप्यात भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळाला इभूत, गळ्यात झेंडूची माळ, डाव्या तळहातावर जन्मभर दोऱ्यानं गळ्यात बांधलेलं तिचं लिंग. लिंगायताचं मढं असं बसवूनच मातीला नेतात. उन्हं चढायच्या आत कमठाण्याच्या मळ्यात पोचवायचं होतं, आन् नेमकी तवाच बिदरच्या मोटारीतून तिची लेक दानम्मा उतरली.

थोरला भाऊ शिवशंकरप्पा उंबऱ्यात आडवा झाला.

"थितंच थांब. आईला शिवायचं न्हाई."

"कामून, अण्णा?"

"कामून मनून इचारायलीस? मैलूरच्या भिंतीवरची पोस्टरं बघून ये. तुझं उघडं नरडं समदा जिल्हा बघायलाय."

खोटं नव्हतं ते. नवऱ्यानं टाकल्यावर दानम्मा कलबुर्गीला नाटक कंपनीत शिरली, थितून मद्रासला गेली. तिकडं स्वस्तातले, फक्त मोठ्या माणसांसाठीचे सिनेमे झटपट उरकायचे. हिचं काम म्हणजे पाण्यात भिजायचं, पदर घसरू द्यायचा. तिला तमिळ येत नव्हतं, मलयाळम येत नव्हतं. बोलणं मागाहून दुसरीच बाई भरायची. पोस्टरवर तिचं नाव रूपमाला झालं. सकाळच्या खेळाला त्या नावावर थेटरं भरायची, आन् तीच माणसं बाजारात भेटली की तोंड फिरवून जायची.

पयल्याच दिवशी कॅमेरावाला वरडला होता, गळ्यातला दोरा दिसायलाय, काढ. लिंग अंगावरून उतरवायचं न्हाई, हे तिला आईनं दुधासंगं पाजलेलं. दंडाला बांधावं तर दंड उघडे. अंबाड्यात खोवावं तर केस मोकळे सोडायचे. कमरंचं तर नावच नको, बेंबीखाली लिंग जात नसतंय. तवा तिला घरच्या गुरूचं, अय्यांचं बोलणं आठवलं, की अडचणीत तोंडात धरलं तरी चालतंय. तिनं लिंग गालात धरलं, ओठ मिटले आन् पाण्यात उतरली. डायरेक्टरला ते मिटले ओठ असे आवडले की पुढं जो तो तेच मागायला लागला. बघणाऱ्याला वाटायचं, बाई लाजायलीय.

ते अय्या, गुरुलिंगय्या जंगम, आता मढ्याजवळच बसले होते.

"अय्या, तुमीच इचारा," शिवशंकरप्पा मनला. "सिनेमात नाचली ते मी गिळतो. पर लिंग उतरवलेली बाई माझ्या आईला हात लावणार न्हाई."

रडणाऱ्या बायका रडायच्या थांबल्या.

"कुठं ठिवलंतीस गं?" अय्यांनी इचारलं.

"तोंडात."

"अग्गं बाई!" शेजारची चन्नव्वा मनली. "अंगाला चिंधी न्हाई आन् तोंडात सामी!"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"चिंधी व्हती, अक्का. वली व्हती."

अय्या हसले न्हाईत. "तोंडात चालतंय. पर दर खेपंला तोंडातच व्हतं का?"

दानम्मानं व्हय म्हणलं की उंबरा मोकळा. मद्रासहून साक्षीला कोण येणार होतं? पर समोर आई बसलेली.

"एकदा न्हवतं," ती मनली. "दात दाखवून हसायचं व्हतं. केस विंचरणाऱ्या बाईच्या हातावर ठिवले आन् हसले."

"झालं!" शिवशंकरप्पानं चौकटीवर हात आपटला. "ऐकलाव का समदे?"

अय्यांनी झोळीत हात घातला. "नवं लिंग हाय. जुनं उतरव, हे बांधतो. मंग शिव आईला. शिवशंकर, चालतंय का?"

भावानं नाइलाजानं मान हलवली. दानम्माची बोटं गळ्याच्या दोऱ्यावर गेली. गाठ सोडली की आई दोन पावलांवर. बाहेर खांदेकरी हाका मारायले. तिची बोटं गाठीवरच थांबली.

"एकदा उतरवले मनून मला भाईर उभं केलाव," ती मनली, "आन् आत यायचं तर पुन्हा उतरव मनायलाव. न्हाई उतरवायची मी."

"मंग जा तुझ्या मद्रासला!"

"जाते की. आईला शिवून जाते."

तिनं उंबऱ्यावर पाय ठेवला. भावानं मनगट धरलं, तशी काकणं पिचली आन् रगत आलं. तिनं हात सोडवला न्हाई, पायही मागं घेतला न्हाई.

"अय्या, बोला की!" शिवशंकरप्पा वरडला.

अय्या इभूतीची वडी बोटांनी चुरत बसले. खाली बघूनच मनले, "सोड तिला. उतरव मनलो ते मीच मनलो, चूक माझी."

मूठ सैल झाली, पर तो बाजूला सरला न्हाई. त्याच्या अंगाला घासूनच तिला आत जावं लागलं. बायकांनी लुगडी आवरून घेतली. चन्नव्वानं तर पाठच फिरवली.

आईच्या तळहातावरचं लिंग कलंडायला आलं होतं. बोटं ताठली होती, मिटत नव्हती. दानम्मानं पदराचा काठ दातानं फाडला, लिंगासकट आईचा हात आवळून बांधला, आन् गाठ बसली का ते ओढून बघितलं.