सोऱ्या आहे, असं मी सांगितलं

दोन हजार चार सालच्या उन्हाळ्यात नवऱ्याच्या ऑफिसमधला एक अमेरिकन सहकारी आम्हाला डोंगर ओलांडून पलीकडच्या कोरड्या माळरानावर घेऊन गेला. अमेरिकेत, रेडमंडला येऊन आम्हाला जेमतेम वर्ष झालं होतं. सहकाऱ्याचा एक क्लब होता, हौसेने स्वतःच्या हातांनी दारूचे बाण बनवणाऱ्यांचा. परवानगी काढलेल्या त्या माळावर ते वर्षातून दोनदा जमायचे आणि मनगटाएवढ्या जाडीचे बाण आकाशात सोडायचे. दिवाळीत बाटलीत उभे करतो ते बाण यांच्यापुढे अगदीच किरकोळ. नवरा मान वर करून बघत राहिला तो राहिलाच. परतीच्या वाटेवर गाडीत म्हणाला, "मी मेंबर होतोय."

मला मात्र भीती वाटली.

भीतीला कारणं होती. माझी लग्नाआधीची चार वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये गेली. डाय, पंच, जिग्ज असे यंत्रांचे साचे नि अवजारं बनवण्यात. शेजारच्या प्रेसशॉपमध्ये एका माणसाची दोन बोटं गेली, तेव्हा त्याला रिक्षात बसवणाऱ्यांत मी होते. यंत्राला किंवा धातूला आपली दया येत नाही, हे मला माहीत होतं. दुसरं कारण वेगळं होतं. मी डिपेंडंट व्हिसावर, नोकरी करायची परवानगी नाही, आणि नवऱ्याची ग्रीनकार्डची फाइल नुकतीच लागलेली. विमानतळावर त्याला दर वेळी बाजूला काढायचे. दाढी ठेवायची हौस त्याने त्यापायीच सोडली होती. असा माणूस आता फटाक्याची दारू हाताळणार, तेही या देशात, अकरा सप्टेंबरनंतरच्या या वर्षांत?

"अगं, सगळं लीगल आहे यार," तो म्हणायचा. "दारूला घरी हातसुद्धा लावायचा नाही. सगळं क्लबच्या शेडमध्ये, तिथल्या सीनियर माणसासमोर. मला फक्त माझं टूलिंग घ्यायचंय."

टूलिंग म्हणजे एक बैठक, तिच्यावर उभा टोकदार दांडा, आणि नळीत दारू ठासायचे तीन-चार पोकळ दांडे. पुठ्ठ्याची नळी त्या उभ्या दांड्यावर बसवायची आणि थोडं थोडं भरत, ठोकत जायचं. क्लबमधला एकजण आपला जुना सेट स्वस्तात विकत होता. नवऱ्याने तो एका शनिवारी बघायला म्हणून घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर, वर्तमानपत्रावर मांडला. म्हणाला, "तू टूलरूमवाली. तूच सांग."

मला सांगायचं नव्हतं. पण हात आपसूक पुढे गेले. वर्षभरात एवढा चांगला धातू हातात आलाच नव्हता. मी एकेक दांडा खिडकीशी नेऊन उजेडात फिरवला, कडांवरून नख ओढलं. एकाच्या तोंडाशी बर होती, म्हणजे कडेला उभी राहिलेली धातूची बारीक धार. दुसरा पिवळाधमक, पण हातात धरल्यावर वजन काहीतरी चुकीचं वाटत होतं. पितळ असं लागत नाही.

"हे पितळ आहे?"

"हो, तसंच म्हणाला तो. ठिणगी पडू नये म्हणून पितळ नाहीतर ॲल्युमिनियम."

मी फ्रिजवरचा लोहचुंबक काढला, पिझ्झाच्या दुकानाने फुकट दिलेला, आणि दांड्याला लावला. टक्कन चिकटला. वर मुलामा, आत पोलाद.

नवऱ्याने चुंबक ओढून काढला आणि पुन्हा लावून बघितला. विकणाऱ्याने मुद्दाम फसवलं असेल असं मला आजही वाटत नाही. त्यालाही कोणीतरी तसंच विकलं असणार. पण तो माणूस चार वर्षं त्या दांड्याने दारू ठासत होता, हा विचार काही मला सोडेना. त्या दिवशी माझं जेवण झालं नाही.

मला वाटलं, आता हा नाद सुटेल. उलट तो म्हणाला, "बघ, तू नसतीस तर मी हाच घेतला असता. आता नवा सेट तूच निवड."

त्याने कुठला तरी सेट घेण्यापेक्षा मी निवडलेला बरा, अशी मी मनाची समजूत घातली. पुढचे तीन आठवडे, बाहेर पाऊस लागलेला असताना, मी कॉम्प्युटरवर टूलिंग विकणाऱ्यांची पानं चाळत बसले. बहुतेक एकट्या-दुकट्या माणसांची, घरच्या लेथवर काम करणाऱ्यांची. फोटो मोठे करून लेथच्या खुणा बघायचे. एकाला ईमेल लिहून विचारलं, ठासायचा दांडा आणि उभा दांडा यांच्यात किती जागा सोडता? त्याने ओळ न् ओळ नीट उत्तर दिलं, धातूचं नाव दिलं, आणि शेवटी लिहिलं की हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. मी त्याचा सेट पक्का केला. मग ऑर्डरचं बटण दाबायला दोन दिवस लावले. हे कोणी बघत असेल का? नाव, पत्ता, कार्ड, आडनाव, सगळं एका जागी नोंदलं जाणार. शेवटी नवऱ्यानेच येऊन बटण दाबलं.

पार्सल आलं तेव्हा मी लायब्ररीत होते. ते अपार्टमेंटच्या ऑफिसात ठेवलं गेलं. दुपारी तिथल्या मॅनेजरबाईंचा फोन आला. साठीच्या, मवाळ बोलणाऱ्या बाई. "तुमचं एक पार्सल फाटून आलंय," त्या म्हणाल्या. "आत धातूच्या नळकांड्यांसारखं काहीतरी दिसतंय. फार जड आहे. काय आहे ते?"

मी रस्ता ओलांडून ऑफिसात गेले. खोकं काउंटरवर होतं. फाटलेल्या कोपऱ्यातून एक दांडा आणि बैठकीवरचा तो सुळका बाहेर डोकावत होता. फोन त्यांच्या हाताशी होता. मी खोक्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "किचनमधलं आहे. आम्ही एक तळणाचा पदार्थ करतो, त्याचा साचा. पीठ आत घालून दाबायचं."

चकलीचा सोऱ्या! विचारच नव्हता केला. खोटं आपणहून तयार होऊन बाहेर आलं.

"अरे वा!" त्या हसल्या. "कधीतरी चाखवा मला."

घरी येऊन मी दाराला कडी लावली आणि खोकं पलंगाखाली सरकवलं. खोटं बोलण्याआधी मी फक्त घाबरलेली होते. आता मी काहीतरी केलं होतं. कोणी चौकशीला आलं तर पहिला प्रश्न हाच येणार, गुन्हा नव्हता तर लपवलंत का? बाहेर गाडीचं दार आपटलं की मी पडद्याआडून बघत होते.

नवरा आला. ऐकून त्याचा चेहरा उतरला. "खोटं कशाला बोललीस? पावती आहे, क्लबचं कार्ड आहे. खरं सांगितलं असतंस तर काही झालं नसतं!"

"तू नव्हतास तिथे," मी म्हटलं. "तू मीटिंगमध्ये होतास. त्या माझ्याकडे बघत होत्या."

त्याने फाइलच्या वकिलाला फोन केला. वकील थंडपणे म्हणाला, अवजारं बाळगणं बेकायदेशीर नाही, पण घरात ठेवू नका, आणि कोणी अधिकृत माणसाने विचारलं तर एक शब्दही खोटा बोलू नका. बाई अधिकृत माणसांत मोडतात की नाही, हे त्याने स्पष्ट सांगितलं नाही.

दोन दिवस मी घराबाहेर पडले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी, नवरा ऑफिसला गेल्यावर, मीच खोकं उचललं आणि ऑफिसात गेले. काउंटरवर एकेक तुकडा काढून ठेवला. "मी तुम्हाला खोटं सांगितलं," म्हटलं. इंग्रजी अडखळत होतं. "हे पदार्थाचं नाही. बाण बनवायची अवजारं आहेत. माझा नवरा एका क्लबात आहे. यात दारू नाही, घरात दारू येणार नाही. मी घाबरले होते."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी क्लबचं कार्ड वाचलं, उलटं करून पुन्हा वाचलं. एक दांडा उचलून खाली ठेवला.

"तुम्ही सांगितलंत ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "पण मला हे लिहून ठेवावं लागेल. आणि वर कळवावं लागेल."

"पोलिसांना?"

"माझ्या साहेबांना. पुढचं त्यांच्या हातात."

त्यांनी माझ्यासमोर लिहिलं. आमचा अपार्टमेंट नंबर, आडनावाचं स्पेलिंग मला विचारून. मी एकेक अक्षर सांगितलं, आणि प्रत्येक अक्षरागणिक वाटत होतं की आपण आपल्या हाताने आपल्याला परतीच्या विमानात बसवतोय.

आठवड्याने एक गणवेशातला माणूस आला. दारावर तीन टकटक. मी ऑफिसात खरं सांगून आले त्याच संध्याकाळी नवऱ्याने वकिलाच्या सांगण्यावरून सेट सहकाऱ्याच्या घरी नेऊन ठेवला होता, त्यामुळे दाखवायला माझ्याकडे फक्त पावती आणि कार्ड. तो उंबऱ्याशीच उभा राहिला. घरात केमिकल्स आहेत का? नाहीत. क्लब कुठे आहे? सांगितलं. वस्तू कुणी निवडली? इथे मी थांबले. नवऱ्याने असं म्हणता आलं असतं.

"मी," मी म्हटलं. "मी टूलमेकर आहे. होते."

त्याने वहीत काहीतरी लिहिलं, शुभ दुपार म्हणाला आणि गेला. आमच्या दाराशी तो दहा मिनिटंही नव्हता. मी तिथेच, चपलांच्या शेजारी, जमिनीवर बसले. त्यानंतर कोणी आलं नाही, पत्र नाही, फोन नाही. पण येणार नाही असं कोणी सांगितलंही नाही, म्हणून मी वर्षभर वाट बघत होते. मॅनेजरबाई दिसल्या की मान हलवायच्या. पदार्थाचं त्यांनी परत कधी काढलं नाही.

पुढच्या मे महिन्यात माळावर क्लबच्या शेडमध्ये नवऱ्याने पहिला बाण ठासला. मी येणार नाही म्हणाले होते आणि गेले. आखलेल्या रेषेच्या मागे, सगळ्यांपासून लांब उभी राहिले. लाकडी हातोड्याचा आवाज शेडमधून येत होता, टप्, टप्, थांबून टप्. धातू मी निवडला होता. कडा मी तपासल्या होत्या. तरी प्रत्येक ठोक्याला माझे खांदे आखडत होते.

बाण सरळ वर गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवरा माझ्याकडे धावत आला, कपाळावर घामाचे थेंब, आणि त्याने माझा हात धरला.

"पूर्ण वेळ घाबरलो होतो मी," तो म्हणाला. "तुला सांगितलं नाही."

आम्ही लवकर निघालो. त्याने आणखी दोनदाच बाण केले, मग मुलगी झाली आणि ते मागे पडलं. आम्ही टेक्सासला राहायला जायच्या आधी सहकाऱ्याने फोन करून विचारलं, सेट पाठवू का? नवऱ्याने फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं.

"त्यालाच राहू दे," मी म्हटलं. "फक्त दर वर्षी कडा बघ म्हणावं."