सकाळचा नाश्ता धरून

आमच्या घरात सगळ्यांच्या आधी उठायचं कोणी, हा प्रश्न मी लग्न होऊन यायच्या आधीच सुटला होता. थोरल्या जाऊबाई पाचला उठत. मी उठून बाहेर येईपर्यंत चहा झालेला असे आणि तोंड धुऊन होईपर्यंत पोहे नाहीतर उपीट. वीस वर्षं मी त्या आयत्या ताटलीवर बसले आणि वर पोह्यांत मीठ कमी आहे हेही सांगितलं. त्यांना मी ताई म्हणते. मनात दुसरंही काही म्हणायचे, ते लिहिण्यासारखं नाही.

कोपरगावपासून सात-आठ किलोमीटरवर आमची वस्ती, सगळीकडे ऊस. दोघे भाऊ एकत्रच राहतात. थोरले दीर, म्हणजे ताईंचे यजमान, त्यांना आम्ही दादा म्हणतो. धाकटा माझा नवरा. आणि सासूबाई, त्यांना आत्याबाई म्हणायची पद्धत. मुलं शिकायला बाहेर गेली आणि घरात आम्ही पाच माणसं उरलो. पाच माणसांत एकमेकांचं सगळं दिसतं, नको तेही.

एका वर्षी ताई बचत गटाच्या बायकांबरोबर दिंडोरीकडे गेल्या. बेदाणे कसे करतात ते बघायला नेलं होतं. येताना वाईन करतात तो कारखानाही दाखवला. बायका पदर तोंडाला लावून हसत बसल्या असणार. ताई मात्र तिथून वेगळंच काहीतरी घेऊन आल्या. द्राक्षाच्या मळ्यात राहायच्या खोल्या होत्या, त्यातल्या एका खोलीच्या वरांड्यात त्यांच्याच वयाचं एक जोडपं बसलेलं त्यांनी पाहिलं. एक माणूस आतून ट्रे घेऊन आला आणि त्या दोघांपुढे नाश्ता ठेवून गेला. एवढंच. हे त्यांनी मला चार दिवसांत तीनदा सांगितलं.

मग एका दुपारी भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन माझ्या खोलीत आल्या. मला मोबाईलवरचं सगळं येतं, त्यांना येत नाही, म्हणून मी. त्यांना दादांबरोबर दोन रात्री तिथं जायचं होतं. तेवीस वर्षांत दोघं मिळून कुठे गेले होते ते लोकांच्या लग्नाला, दहाव्याला आणि दवाखान्यात. मी म्हणाले, "नाश्ता तर इथंबी मिळतो की ताई."

"इथं मी करते गं," त्या म्हणाल्या.

मी ती जागा शोधून फोटो दाखवले. पिठाचा हात लागू नये म्हणून त्या हात पाठीमागे धरून वाकून बघत होत्या. त्यांना तीन गोष्टी विचारायच्या होत्या. खिडकीतून मळा दिसतो का. नाश्ता खोलीत देतात की वरांड्यात. आणि चहा मागितला तर दुसऱ्यांदा देतात का. मी फोन लावला, पहिल्या दोन विचारल्या, तिसरी विचारायची मला लाज वाटली. फोन ठेवल्यावर त्यांना सांगितलं की ते तिथं गेल्यावर कळेल. त्या रात्री मी हे नवऱ्याला नक्कल करून दाखवलं, हात पाठीमागे बांधून. आम्ही दोघं खूप हसलो.

बुकिंग मी माझ्या नावावर केलं. खोलीचं भाडं, सकाळचा नाश्ता धरून.

आत्याबाईंना काय सांगायचं हेही मीच काढलं. वणीच्या देवीला जातो म्हणायचं, रस्ता तोच आहे. देवीच्या नावानं खोटं बोलणं ताईंच्यानं होईना. शेवटी त्यांनी ठरवलं की आधी खरंच गडावर जायचं, दर्शन घ्यायचं, मग मळ्यात. म्हणजे खोटंही नाही. मला हे ऐकून हसू आलं. माणूस चैनीला निघाला तरी आधी पायऱ्या चढणार.

इथपर्यंत माझ्या मनात थट्टाच होती. बिघडलं ते दादांमुळे. ताईंनी त्यांना विचारलं तेव्हा ते ओट्यावर ठिबकचे पाईप नीट करत होते आणि मी दाराआड होते. मला वाटलं, आता डाफरतील. ते मान वर न करता म्हणाले, "जाऊ की. पाण्याची मोटार दोन दिवस धाकला बघल." दुसऱ्या दिवशी ते कोपरगावला गेले आणि मिशांना कलप लावून आले. पन्नाशीचा माणूस. जेवताना खाली बघून जेवत होता.

त्या कलप लावलेल्या मिशा बघितल्या आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. माझा हनिमून भंडारदऱ्याला झाला होता, अकोल्याच्या मावससासूंच्या जीपमधून, नऊ माणसं धरून. धरणाच्या भिंतीवर नवरा मेव्हण्याशी उसाच्या बेण्यावर बोलत उभा होता. त्यानंतर मी काही मागितलं नाही आणि त्याने काही विचारलं नाही. मी ताईंहून दिसायला बरी, शिकलेली, बोलायला तरबेज. आणि मिशा रंगवल्या जात होत्या त्या त्यांच्यासाठी.

ताईंनी कोपरगावातून मोरपंखी पंजाबी ड्रेस आणला. जन्मात घातला नव्हता. आत्याबाईंना दिसू नये म्हणून माझ्या कपाटात ठेवायला दिला. त्या वळल्या की मी दार लावून तो अंगाला लावून बघायचे. दादांना त्यांनी एकच अट घातली होती, निघायच्या सकाळपासून फोन बंद. साखर कारखान्याचा ऊसनोंदीचा चिटबॉय, तोडणीचा मुकादम, कुणीही नको. दादांनी तेही कबूल केलं.

निघायच्या दिवशी ताई चारलाच उठल्या, डोक्यावरून न्हाल्या. दोन दिवसांची चटणी करून ठेवली, कणीक मळून ठेवली, मला सकाळी त्रास नको म्हणून. साडेआठला बॅग गाडीच्या डिकीत गेली. मी परसात कपडे वाळत घालत होते. नवरा मळ्यात गेला होता आणि त्याचा फोन माझ्याजवळ होता. तो वाजला.

बेलापूरहून होता, भावकीतल्या माणसाचा. त्यांचे आजोबा पहाटे गेले होते. नव्वदी ओलांडलेला म्हातारा, मी उभ्या आयुष्यात दोनदा पाहिलेला. दादांचा फोन बंद येतोय म्हणून इकडे लावला म्हणाला. आणि मग त्याने विचारलं, "घरात काही कार्य न्हाई ना, कुनी कुठं निघालं न्हाई ना? असलं तर परवा कानावर घाला, वहिनी."

आमच्याकडे हे सगळ्यांना ठाऊक असतं. सुतक कानावर पडेल तेव्हापासून लागतं. लग्नघरात अशी बातमी दोन-दोन दिवस दाबून ठेवतात आणि त्यात कुणाला पाप वाटत नाही. माझ्या स्वतःच्या हळदीच्या दिवशी वडिलांचे चुलते वारले होते, ते मला सासरी आल्यावर कळलं. मला फक्त दहा मिनिटं गप्प बसायचं होतं. गाडी फाट्यापर्यंत गेली असती.

"न्हाई, काय न्हाई," मी त्याला म्हणाले.

फोन ठेवला, हातातला टॉवेल नीट झटकून तारेवर घातला आणि पुढच्या अंगणात गेले. आत्याबाई ओट्यावर होत्या, हे मी आधी बघून घेतलं. ताई गाडीत बसायला पाय उचलत होत्या. मी मोठ्यानं म्हणाले, "बेलापूरचे आजोबा गेले." डोळ्याला पदरही लावला.

मला काही करावं लागलं नाही. सुतक असताना देवीच्या पायऱ्या कशा चढणार, असं आत्याबाई म्हणाल्या आणि बॅग उतरवायला सांगितलं. ताई-दादांना खरं कारण तर बोलता येत नव्हतं. वणीचं निमित्त माझं, बातमीही माझी. ताईंनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, एखादं भांडं पडल्यावर ते फुटलं का हे बघावं तसं. मग आत गेल्या आणि सुतकाची म्हणून पुन्हा डोक्यावरून आंघोळ केली. सकाळची शिकेकाईची वेणी सोडून. लांबच्या भावकीचं सुतक, देव आणि देऊळ तेवढं बंद, चूल बंद नसते. दादा आणि माझा नवरा त्याच गाडीनं बेलापूरला जाणार होते, त्यांना उपाशी कसं पाठवायचं? ओल्या केसांनी ताईंनी सगळ्यांना पोहे केले. मी खाल्ले. त्या दिवशी मीठ बरोबर होतं.

मला पश्चात्ताप झाला असं लिहिलं तर शोभेल, पण झाला नाही. मला हलकं वाटलं. आता पुन्हा आम्ही दोघी सारख्या होतो.

दुपारी ताईंनी बुकिंग रद्द करायला सांगितलं. मी फोन केला. तिकडची मुलगी गोड बोलली, मॅडम, रद्द कशाला करता, वर्षभरात कधीही या, खोली तुमच्या नावावर राहील. मी ताईंना सांगितलं, केलं रद्द. त्या म्हणाल्या बरं. बॅगेतला ड्रेस त्यांनी पुन्हा माझ्या कपाटात ठेवायला दिला आणि नंतर मागितला नाही. दादांच्या मिशा महिन्याभरात पांढऱ्या झाल्या आणि त्यांनी परत कलप लावला नाही.

डिसेंबरात, खोलीची वर्षभराची मुदत संपायला आली तेव्हा, मी नवऱ्याला घेऊन तिथं गेले. घरी वणी सांगितलं. ताईंपुढेच सांगितलं, तोंड न चुकवता. ड्रेसची शिवण आधीच उसवून घेतली होती, कारण ताई अंगानं बारीक आणि मी नाही.

खोली छान होती. खिडकीतून मळा दिसत होता, घड अजून हिरवे, वाटाण्याएवढे. नवऱ्याने वाईनचा एक घोट घेतला आणि आंबलंय म्हणाला. मग तो मळ्यात फिरून तारा, खांब, औषधाचे पंप बघत बसला. सकाळी वरांड्यात ट्रे आला. ऑम्लेट, पाव, कापलेली फळं, किटलीत चहा. मी मोरपंखी ड्रेस घालून बसले होते. नवरा फोनवर मुकादमाशी भांडत उभा राहिला, त्याचा पाव गार झाला. मी एकटीनं खाल्लं. चहाचा एक ओघळ ड्रेसवर पडला.

दोन दिवसांनी परत आलो तेव्हा सगळे ओट्यावरच होते. आम्ही चपला काढल्या आणि ताई शांतपणे म्हणाल्या, "बेलापूरच्या आजी गेल्या. परवा सकाळी."

त्या आजोबांची बायको. फोन ताईंनीच घेतला होता. दादांना बाजूला घेऊन सांगितलं, दादा श्रीरामपूरला काम आहे म्हणून निघाले आणि एकटेच माती देऊन आले. बेलापूरकरांना बजावून ठेवलं की धाकट्याला फोन करू नका, बाहेरगावी गेलाय. आत्याबाईंनाही आत्ताच, आमच्याबरोबर कळत होतं. स्वतःला सुतक लागलेलं म्हणून दोन दिवस ताईंनी गुडघ्याचं निमित्त करून देवाचा दिवा आत्याबाईंनाच लावायला लावला होता.

"मग आमाला फोन का न्हाई केला?" मी विचारलं. आवाज चढवून, जणू माझाच हक्क बुडाला होता.

"तुमी निवांत बसला असाल," ताई म्हणाल्या. "कानावर पडल तवापासून लागतं. तुला ठाव हाय की."

बस, एवढंच. टोमणा असता तर मी परतवला असता, त्यात माझा हात कुणी धरत नाही. पण तो टोमणा नव्हता. माझ्याशी त्या जे करू शकल्या असत्या ते त्यांनी केलं नव्हतं, आणि ते करायचं कसं हे त्यांना माझ्याकडूनच कळलेलं होतं. मला त्यांचा इतका राग आला की कानशिलं तापली.

सुतकात अंगावरचे आणि बरोबरचे सगळे कपडे भिजवायचे असतात. मी बॅग घ्यायच्या आत ताईंनी ती न्हाणीपाशी नेली, एकेक कपडा काढून बादलीत टाकायला लागल्या. मधेच त्यांच्या हाताला मोरपंखी ड्रेस लागला. त्यांनी तो उलगडला. उसवून वाढवलेली शिवण बोटानं चाचपली, पुढचा डाग बघितला. मी तिथंच उभी होते. आत्याबाई आत गेलेल्या, नवरा गाडीपाशी.

"चहाचा दिसतोय," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली करून, अगदी साध्या उत्सुकतेनं विचारलं, "दुसऱ्यांदा मागितला तर देत्यात का गं?"

मला खोटं बोलता आलं असतं. काही खास नाही, उगाच नाव मोठं, असं म्हटलं असतं तर त्यांच्या जिवाला बरं वाटलं असतं. एवढं खोटं मला जड नव्हतं.

"देतात," मी म्हणाले. "मागाल तेवढ्या वेळा."

त्यांनी मान हलवली, ड्रेस बादलीत दाबला आणि वर साबणाची पूड टाकली. माझ्यासाठी गरम पाणीही त्यांनीच काढून ठेवलं होतं.

डोक्यावरून पाणी घेताना मी ठरवलं की उद्या पाचला आपण उठायचं. अगदी मनापासून ठरवलं, मोबाईलवर गजरही लावला. सकाळी तो मीच बंद केला. बाहेर आले तेव्हा सात वाजून गेले होते आणि माझे पोहे झाकून ठेवलेले होते.