काटा शून्यावर, गाडी ऐंशीवर

नाशिकहून कोल्हापूरला निघताना भाऊ माझ्या कानाशी लागला. "सुमे, अण्णांच्या हातांवर लक्ष ठेव. जरा जरी हलले तरी यापुढे त्यांची गाडी बंद." अण्णा म्हणजे आमचे वडील; वय शहात्तर, तीस वर्षं ट्रकवर काढलेली. ते मजेत किल्ली फिरवत होते आणि मी सहलीच्या नावाखाली त्यांची परीक्षा घ्यायला शेजारी बसले होते. लाज वाटत होती, भीतीही वाटत होती.

पण कोल्हापूर येईपर्यंत गाडी कशी दोरीत चालली. कसबा बावड्यात अण्णांचे ट्रकवरचे जुने सोबती बापूकाका दारातच उभे होते. गाडी बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "उद्या खंडेनवमी (हत्यारं, अवजारं, गाड्या पुजायचा दिवस) हाय, आन् पावण्यांची गाडी असली मळकी? न्हाय जमायचं!" दुसऱ्या दिवशी आमचा चहा होतोय तोवर काका गाडी धुवून घेऊन आलेसुद्धा. "खालनं, चाकाच्या आतनं, समदं प्रेशरनं पाणी मारून घेतलंय!" झेंडूचा हार घालून गाडीची पूजा झाली.

दसऱ्याला आम्ही वारणानगरला निघालो, काकांच्या बहिणीकडे सोनं (आपट्याची पानं) द्यायला. अण्णा चालवत होते, काका मागे. हायवेच्या दोन्ही अंगांना उंच ऊस उभा होता. मी नुकतं कुठे खिडकीबाहेर बघायला लागले, तर गाडी एकदम डावीकडे सरकली. अण्णांनी सावरली, तर उजवीकडे जास्तच गेली. मागचा ट्रक भोंगा बडवत अगदी अंगावरून गेला.

"आरं, धर की नीट!" काका ओरडले.

मी लगेच अण्णांच्या हातांकडे पाहिलं. हलत होते.

"अण्णा, थांबवा. आत्ताच्या आत्ता! तुमच्या हातात आता काही राहिलं नाही."

काकांसमोर बोलले मी हे. एरवी अण्णांनी मला चार शब्द सुनावले असते. आज त्यांनी गाडी कडेला घेतली, किल्ली दिली आणि मागे जाऊन बसले. पुढे मी हळूहळू हाकत गावात नेली. काकांच्या बहिणीनं आग्रहानं पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार. पण अण्णा मांडीवर तळवे पसरून त्यांच्याकडेच बघत होते. मी भावाला मेसेज टाकला, गाडी बंद.

परतताना मीच चालवत होते. ऐंशीचा वेग आला आणि स्टेअरिंग एकाएकी हलकं झालं, लोण्यात बोट फिरवल्यासारखं. जरा वळवलं तर गाडी हातभर सरकली. अगं आई गं! सावरतेय तोवर तेच स्टेअरिंग जड झालं आणि लगेच पुन्हा हलकं. घाबरून समोर पाहिलं, तर वेगाचा काटा शून्यावर, आणि ऊस तर सपासप मागे पळतोय. जीव मुठीत धरून गाडी कडेला घेतली.

तिथून अगदी सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत आणली. गॅरेज उघडं होतं, पण पान्ह्यांवर झेंडूची फुलं. "ताई, हत्यारं पुजल्यात. आज हात लावत न्हाय," मेस्त्री म्हणाला. माझे डोळे भरून आले ते बघून तोच वरमला. "बरं, हातानं काय हुतंय बघतो." चाकाशी बसून त्यानं वायरची एक पिन ओढून काढली. आतून पाणी ठिबकलं.

"ह्यो स्पीड सेन्सर. गाडी किती पळतीया, ते ह्यो सांगतो. पाणी शिरलं की ह्यो मधनंच सांगायचं बंद करतो, मग स्टेअरिंगला वाटतं गाडी उभी हाय. उभी गाडी वळवायला जोर लागतो, म्हणून ते जोर लावतं. पळत्या गाडीला तेवढा जोर दिल्यावर ती भरकटंल न्हाय तर काय? प्रेशरनं धुतली व्हय?"

काका आभाळाकडे बघायला लागले.

"म्हणजे हातांचा दोष नाही?" मी विचारलं.

"कुणाच्या हाताचा? असल्या स्टेअरिंगवर गाडी रस्त्यात ठिवली, त्यो डायवर पक्काच की."

"अण्णा, चुकलं माझं," मी म्हणाले.

"काटा माझ्याही समोरच होता गं," अण्णा म्हणाले. "पण मी बघितलाच नाही. मलाही वाटलं, हातच गेले."

मी तिथूनच भावाला फोन लावला आणि आधी स्वतःलाच शिव्या घातल्या.

दसरा उलटल्यावर नवा सेन्सर बसला. नाशिकच्या वाटेवर मी हट्टानं अण्णांना चालवायला लावलं. गाडी सुतासारखी सरळ जात होती. पण दर थोड्या वेळानं ते विचारत होते, "सुमे, सरळ चाललीय ना?" तीस वर्षांत हे त्यांनी कुणाला विचारलं नसेल. "सरळच आहे, अण्णा," मी प्रत्येक वेळी सांगत होते. सेन्सरमधलं पाणी निघालं. माझं बोलणं त्यांच्या मनातून कसं काढायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

नाशिक आलं तशी त्यांनी गाडी कडेला घेतली आणि किल्ली माझ्यापुढे धरली. "इथून गर्दी आहे. तू घे," म्हणाले. घर दोन किलोमीटरवर होतं आणि रस्ता रिकामा होता.