आक्कांना कुणी ओळखत नाही

वकिली सुरू केली तेव्हा वाटलं होतं, फायली साठतील. साठले किस्से! माझं ऑफिस निपाणीत, आणि येणाऱ्या बहुतेक कामगार बायका. माझी आई विड्या वळायची, त्यामुळं त्या मला वकील कमी आणि घरची पोरगी जास्त समजतात.

*

शेवंताआक्का बोरगावजवळच्या शर्टच्या कारखान्यात चौदा वर्षं काज मशीनवर होत्या. त्यांनी आठवड्याची सुट्टी मागितली. मालक म्हणाले, "उद्यापासनं येऊच नका." मी नोटीस धाडली, तर उत्तर आलं की या बाईंना आम्ही ओळखतच नाही!

"आक्का, नेमणुकीचं पत्र, ओळखपत्र, काहीतरी असंल की?"

आक्कांनी बोट पुढं केलं. सुई नखातून आरपार गेल्याची खूण होती. "हे हाय. पन ह्याच्यावर शिक्का न्हाय."

मी हसले, आणि मग मला भयंकर राग आला.

*

तपासणीला सरकारी साहेब आले की मालक पटावर नाव नसलेल्या सगळ्या बायकांना मागच्या दारानं मारुतीच्या देवळात धाडत. साक्षीदार शोधत आम्ही तिथं गेलो, तर गुरवच पुढं झाले. "मी येतो की! एवढ्या बाया एकदम आल्या म्हंजे सण तरी असतोय, न्हायतर सायेब तरी!"

*

दर खंडेनवमीला कारखान्यातल्या मशिनांची पूजा आक्कांच्या हातून व्हायची. त्या पूजेचा फोटो आम्ही दाखल केला. मालकांचे वकील म्हणाले, "त्या शेजारीण आहेत, आरतीला बोलावलं होतं."

"कारखान्याचा एप्रन घालून?" मी विचारलं.

वकीलसाहेब फोटो उलटा करून बघायला लागले.

*

पुढची सुनावणी बेळगावला, लेबर ऑफिसात. बसमध्ये मी आक्कांना पढवत होते, "विचारतील तेवढंच बोलायचं."

"चौदा वर्सं तेवढंच केलं की वो!" मग त्या खिडकीकडं बघत म्हणाल्या, "मला बाकी काय नको. माजं मशीन परत पायजे."

"मिळणार!" मी ठणकावून सांगितलं. कायदा आमच्या बाजूनं होता, आणि मारुतीचा गुरवही.

*

साहेबांनी मालकांना विचारलं, "या बाईंना ओळखता?"

"न्हाय साहेब. कधी बघितलंबी न्हाय."

साहेब ते लिहून घेत होते, तेवढ्यात मालकांचा फोन वाजला. कारखान्यातून सुपरवायझर बोलत होता, आणि इतक्या मोठ्यानं, की आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. नवं काज मशीन सारखा दोरा तोडतंय, ऑर्डर आजच जायची आहे, काय करू?

फोन कानालाच ठेवून मालक आक्कांकडं वळले.

"आक्का, दोरा तुटायलाय वो. काय करायचं?"

विचारलं तेवढंच आक्का बोलल्या. "सुई उलटी बसवली असंल. खाच बघून बसवा म्हनावं."

"सुई उलटी हाय म्हणत्यात आक्का," मालकांनी फोनवर सांगितलं.

पलीकडं थोडा वेळ खुडबुड झाली. मग आवाज आला, "व्हय मालक, चाललं!"

साहेबांनी पेन उचललं.

"मालक, ते 'ओळखत नाही' ठेवू, का खोडू?"