हवा भरून मिळेल

बोईसरमध्ये माझं पाण्यात बुडी मारण्याच्या सामानाचं दुकान आहे, असं सांगितलं की लोक आधी हसतात. इथे बुडी मारतं कोण, म्हणतात. मारणारे आहेत. जेटीचे खांब तपासणारे, समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पाइपांच्या जाळ्या साफ करणारे, बोटीच्या पंख्यात गुरफटलेलं जाळं खाली जाऊन कापणारे. मीही त्यांतलाच होतो. डाव्या कानाचा पडदा फाटला, डॉक्टरांनी पाणी बंद केलं, तेव्हा हे दुकान टाकलं. पुढे मास्क, पायात घालायचे फिन, रबरी सूट; मागच्या खोलीत सिलिंडरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. नंतर गिऱ्हाइकं येऊन मास्क लावून बघायला लागली, माप कळलं की डब्याचा फोटो काढायची आणि तोच मास्क फोनवरून मागवायची. एकाने तर माझ्या काउंटरवर कोपर टेकूनच ऑर्डर दिली. मला भयंकर राग यायचा. बाहेरून मागवलेला रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत पोचवणारं यंत्र, कुणी दुरुस्तीला आणला तर मी हातही लावायचो नाही. "जिथून घेतला तिथंच न्या," एवढंच बोलायचो. असं करून दुकानात येणारी माणसंच कमी झाली.

मग कोरोना झाला. जीव वाचला, वास गेला. बाकीच्यांचा महिन्या-दोन महिन्यांत परत आला, माझा नाही आला. बायको तव्यावर सुकट भाजायची आणि मला फक्त धूर दिसायचा. हळूहळू रागही येईनासा झाला. लोक फोटो काढायचे, मी बघत बसायचो. दुकान उघडायचं, बसायचं, बंद करायचं. वाईट वाटायचं असंही नाही.

वास गेल्याचं मी कुणालाच सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, कारण माझा अर्धा धंदा नाकावर होता. कॉम्प्रेसर बाहेरचीच हवा ओढतो आणि तीच दाबून सिलिंडरमध्ये भरतो. औद्योगिक वसाहतीकडून वारा सुटला की नाकाला कळायचं आणि मी भरणं थांबवायचो. हवा गाळायचा फिल्टर असतो, पण तोही वेळेवर बदलावा लागतो. त्या वर्षी विक्री नव्हती, म्हणून मी तो आणखी थोडे दिवस चालवत होतो.

एका सकाळी माझा जुना जोडीदार चार सिलिंडर न्यायला आला. आम्ही दहा वर्षं एकत्र काम केलं होतं. तो खाली असला की वर दोरी माझ्या हातात, मी खाली असलो की त्याच्या. त्याने सवयीप्रमाणे एका सिलिंडरचा नळ जरासा उघडला, तळहातावर हवा घेतली आणि हुंगली. थांबला. परत हुंगली.

"दादा, तू बगितलंस काय हे?"

"हो, बघितलंय," मी खोटं बोललो.

"धुराचा वास हाय. टेम्पोच्या."

मागच्या गल्लीत शेजारच्या गोदामाचा टेम्पो आदल्या दिवशी बराच वेळ इंजिन चालू ठेवून उभा होता. बरोबर माझ्या हवा ओढायच्या पाइपाखाली. मी तो पाहिला होता, आणि भरत राहिलो होतो.

त्याने उरलेले तिन्ही उघडून पाहिले. मग चारही भिंतीला नीट लावून ठेवले.

"आज मीच जानार हाय खाली," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "वसईवरनं भरलेले आनतो."

तो गेल्यावर मी चारही नळ उघडे सोडले. हवा संपेपर्यंत खोलीत फुसफुस चालू होती. ती हवा घेऊन माणूस पाण्याखाली बेशुद्ध पडला असता, हे मला नीट कळत होतं. पण छातीत धडधडलं नाही, हात कापले नाहीत. मी खुर्चीवर बसून होतो. ही गोष्ट सांगताना मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती या बसण्याची.

जेवताना बायकोला सांगितलं. ती एडवणच्या कोळ्यांची, बोईसरच्या बाजारात मासे विकते. घास हातात धरून तिने ऐकलं.

"तुमाला वास येत नाय, ते मला ठावं हाय," ती म्हणाली. "टाकायला काडलेली कोलंबी तुमी रांधलीत की एकदा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी सांगाल म्हून थांबले."

मग ताट उचलता उचलता ती म्हणाली, "उद्यापासनं मी हुंगते."

दुसऱ्या दिवशी बाजारात जाण्याआधी ती दुकानात आली. मी जुन्याच फिल्टरवर एक सिलिंडर भरून दाखवला. तिने तोंड फिरवलं. मी नवा फिल्टर घातला, हवा ओढायचा पाइप छपरावर उंच नेला आणि पुन्हा भरला. तिने बराच वेळ हुंगलं. "हिला कसलाच वास नाय. ही द्या."

तेव्हापासून भरण्याचं काम पहाटे, ती बाजाराला निघायच्या आत. तिने नको म्हटलेला सिलिंडर जात नाही.

काही दिवसांनी तिच्यासमोरच मी एका माणसाला परत पाठवलं. त्याचा रेग्युलेटर ऑनलाइनचा होता. तो पायरी उतरल्यावर ती म्हणाली, "दुसरीकडनं पापलेट घेतलेलं मानूस माज्याकडं कापायला येतं, तर मी काय हाकलते? कापून देते. कापायचे पैसे घेते. पुडच्या येळी ते माज्याकडनंच घेतं."

मी वाद घातला नाही. वाद घालण्याइतकंही काही वाटत नव्हतं, म्हणून तिचं ऐकलं, हे खरं. दारावर पाटी लावली: सामान कुठूनही घेतलेलं असो, तपासून, दुरुस्त करून, हवा भरून मिळेल. मास्क-फिनचं अर्धं फडताळ रिकामं केलं आणि तिथे दुरुस्तीचं टेबल मांडलं. विक्रीत आता मी त्या पार्सलवाल्यांच्या जवळपासही नाही. पण रेग्युलेटर उघडून घासून परत जोडायला हात लागतात, आणि हवा पोस्टाने येत नाही. दुकान चालतं. फार नाही, पण चालतं.

पावसाळा संपल्यावर माझा जोडीदार आला. त्याने भरलेला सिलिंडर माझ्याकडे न देता बायकोपुढे ठेवला. "वयनी, तुमी बगा." तिने हुंगलं आणि मान डोलावली. मग त्यानेही हुंगलं. दोन सिलिंडर घेऊन गेला. पूर्वी चार न्यायचा. आता पुन्हा चार नेतो, पण हुंगल्याशिवाय नाही, आणि दोरीच्या दिवसांबद्दल आम्ही बोलत नाही.

मागच्या आठवड्यात पालघरचं एक जोडपं आलं. मालवणला समुद्राखालचं बघायला निघालेलं. फोनवरून मागवलेल्या मास्कमध्ये पाणी शिरत होतं. मी त्या मुलाला पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर ठेवायला आणि नाकाने श्वास ओढायला सांगितलं. मास्क निसटला. मिशी आड येत होती. मिशीची वरची कड बारीक कापायला सांगितली, पट्टा सैल केला.

ती मुलगी भिंतीवरचे सूट बघत होती. "काका, आपल्या इकडच्या समुद्रात खाली काय दिसतं?"

"काही नाही. गाळ असतो. स्वतःचा हात दिसत नाही. चाचपून काम करायचं."

"भीती नाही वाटायची?"

"वाटायची," मी म्हणालो. "तेव्हा खूप वाटायची."